होतकरू खेळाडूला वर कधी आणायचं? ‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’ खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमकं कोणत्या गेमबद्दल आहे?

आउट ऑफ द पार्क बेसबॉल, म्हणजे खेळणाऱ्यांच्या तोंडी ओओटीपी. मार्कुस हाइन्सोन यांचा हा गेम १९९९ मध्ये पहिल्यांदा आला. यात बॅट फिरवायची नसते. तुम्ही जनरल मॅनेजर असता: ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची पाळीपाळीने निवड), ट्रेड (संघांमधली अदलाबदल), करार, आणि खाली मायनर लीगमधली, म्हणजे मेजर लीगच्या संघांना खेळाडू पुरवणाऱ्या खालच्या लीगमधली, पोरांची भलीमोठी फौज. त्या फौजेतल्या कोणाला कधी वरच्या पायरीवर पाठवायचं, हा या गेममधला सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न आहे. परफेक्ट टीम हा पत्त्यांचा मोड खेळत असाल तर तिथे फार्मची (या खालच्या फौजेची) भानगडच नाही, त्यामुळे हे पान तुमच्या कामाचं नाही.

मायनर लीगच्या पायऱ्या किती?

२०२१ च्या फेररचनेनंतर प्रत्येक मेजर लीग संघाकडे पूर्ण सीझनच्या चार पायऱ्या आहेत: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. ३० संघ, म्हणून असे १२० संलग्न संघ. त्यांच्याखाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीग, आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरांसाठी डॉमिनिकन समर लीग. जुन्या सालातली सेव्ह (जतन केलेला खेळ) सुरू केली असेल तर पायऱ्या जास्त दिसतील.

सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. हाय-ए ते डबल-ए ही उडी मोठी. तिथे पिचरला दुसऱ्या प्रकारचा चेंडूही नीट टाकता यावा लागतो आणि बॅटरला स्ट्राइक झोनबाहेरचं सोडता यावं लागतं. ट्रिपल-ए ते मेजर ही त्याहून मोठी. त्या मानाने डबल-ए ते ट्रिपल-ए बऱ्याच जणांना जड जात नाही.

माझ्या पोराचं पोटेन्शियल ७५ आहे. लगेच वर का नाही न्यायचं?

कारण पोटेन्शियल, म्हणजे खेळाडू पुढे कुठवर पोचेल याचं रेटिंग, मैदानात उतरत नाही. सामना सिम होताना (संगणक तो खेळवताना) गेम बघतो तो आजचं रेटिंग. २०-८० च्या मापात मेजर लीगचा सरासरी खेळाडू ५० च्या आसपास. पोटेन्शियल ७५ आणि आजचा कॉन्टॅक्ट (चेंडू बॅटला लावण्याचं रेटिंग) ३० असेल, तर मेजरमध्ये तो ३० च्याच कॉन्टॅक्टने खेळणार.

नवीन खेळणारे इथेच फसतात. खेळाडूच्या नावापुढचे तारे बघून बढती देतात. ते तारे म्हणजे ‘सगळं नीट झालं तर पुढे काय’ याचा स्काउटने (खेळाडू पारखणाऱ्याने) बांधलेला अंदाज, आणि तोही स्काउटगणिक बदलणारा. ड्राफ्ट करताना, ट्रेड करताना पोटेन्शियल बघा. बढती देताना त्या रकान्यावर हात ठेवा आणि फक्त आजचे आकडे वाचा.

मग बढतीसाठी नक्की काय बघायचं?

मी एकच प्रश्न विचारतो: ही पायरी या पोराला अजून काही अवघड घालते आहे का? नसेल, तर वर.

हे ओळखायचं कसं, ते एका नमुन्यावर बघू. समजा, हाय-एमध्ये २० वर्षांचा शॉर्टस्टॉप आहे. कॉन्टॅक्ट ४०, पुढे ५५. गॅप (दोन-तीन बेसचे फटके) ४०, पुढे ५०. पॉवर (होमरनची ताकद) २५, पुढे ४५. आय (चेंडू ओळखून सोडण्याची नजर) ४०, पुढे ५५. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) टाळण्याचं रेटिंग ४५. सरासरी .२५५, होमरन चारच. वरवर बघणारा म्हणेल, अजून वेळ आहे. पण त्याचे वॉक (झोनबाहेरचे चार चेंडू सोडून फुकट मिळालेले बेस) ११ टक्के आहेत आणि स्ट्राइकआउट १५ टक्के. म्हणजे हाय-एचे पिचर त्याला फसवू शकत नाहीत. चेंडू जमिनीवर कुठे पडतो हे नशीब आणि पॉवर, दोन्ही नंतर येतील. हा पोरगा डबल-एला जायला तयार आहे.

त्याच संघातला २३ वर्षांचा फर्स्ट बेसमन बघा. सरासरी .३१०, होमरन १८. आय ३०, वॉक ४ टक्के, स्ट्राइकआउट २९ टक्के. आकडे झकास दिसतात, पण तो आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान पिचरांच्या चुकांवर जगतोय. त्यालाही मी वर पाठवीन, पण कारण वेगळं: हा खरा की खोटा याचा निकाल लवकर लागावा म्हणून. पास झाला तर उत्तम, नाही तर ट्रेडमध्ये टाकायला मोकळे.

ठोकताळाच हवा असेल तर माझा असा: बॅटरची आजची मुख्य रेटिंग ३५ च्या आसपास आली की डबल-ए, ४० ला ट्रिपल-ए, आणि ४५ च्या पुढे गेली की मेजरचा विचार. शॉर्टस्टॉप, सेंटर फील्डर आणि कॅचर यांना ग्लव्ह, म्हणजे फील्डिंग, चांगला असेल तर पाच गुणांची सूट. फर्स्ट बेसमनला सूट नाही.

किती सामन्यांनंतर आकड्यांवर विश्वास ठेवायचा?

स्ट्राइकआउट लवकर खरं बोलतात, वॉकना थोडा जास्त वेळ लागतो, पॉवरला आणखी, आणि बॅटिंग ॲव्हरेज तर अख्ख्या सीझनमध्येही पूर्ण खरं बोलत नाही. १०० प्लेट अपिअरन्सच्या (बॅटिंगच्या पाळ्यांच्या) आत मी कोणाला हलवत नाही. २०० ते २५० झाल्यावर रेटिंगही तेच सांगत असतील तर थांबत नाही. रेटिंग आणि आकडे एकमेकांच्या विरोधात असतील तर मी बहुतेक वेळा रेटिंगचं ऐकतो, कारण गेमचं इंजिन त्यांच्यावरच चालतं. अपवाद फक्त स्काउट अगदीच सुमार असेल तेव्हाचा.

ट्रिपल-एमध्ये ३० होमरन मारले, तरी वर जाऊन काहीच जमलं नाही. असं का?

तुमचा ट्रिपल-ए संघ कुठल्या गावात आहे ते आधी बघा. पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की, रेनो, लास व्हेगास, सॉल्ट लेक यांसारखी उंचावरची, विरळ हवेची मैदानं आहेत. तिथे चेंडू लांब जातो आणि ओओटीपीतल्या पार्क फॅक्टरमध्येही (मैदानाचा आकड्यांवर किती परिणाम होतो त्या मापात) ते उतरलेलं आहे. त्यामुळे नुसते होमरन किंवा पिचरचा ईआरए (नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा) बघू नका. मैदान आणि लीगची सरासरी धरून काढलेले ओपीएस प्लस किंवा डब्ल्यूआरसी प्लस हे बॅटिंगचे आकडे बघा. तिथे १०० म्हणजे त्या लीगची सरासरी. अल्बुकर्कीत .२९० मारणारा खेळाडू ९८ वर असू शकतो, म्हणजे चारचौघांसारखाच.

सचिन १६ व्या वर्षी कराचीत कसोटी खेळला. मग १९ वर्षांच्या पोराला थांबवायचं कशासाठी?

आपल्याकडे हा प्रश्न हमखास येतो. सचिननेही नोव्हेंबर १९८९ च्या आधी मुंबईसाठी रणजीचा पूर्ण सीझन खेळून, पदार्पणातच गुजरातविरुद्ध शतक काढून दाखवलं होतं. पायरी वगळली नव्हती, फक्त भरभर चढली होती.

बेसबॉलमध्ये याच्या जवळ जाणारं उदाहरण हुआन सोतोचं. २०१८ मध्ये त्याने सीझन सिंगल-एमध्ये सुरू केला, हाय-एमधून डबल-एला गेला, तिथे फक्त ८ सामने खेळला आणि २० मे रोजी वॉशिंग्टन नॅशनल्ससाठी उतरला. वय १९. त्या सीझनला .२९२ आणि २२ होमरन. पण त्याचं कौतुक बॅटच्या ताकदीइतकंच चेंडू सोडण्याच्या नजरेचं होतं. गेमच्या भाषेत, त्याचं ‘आय’ तयार होतं. असा पोरगा सापडला तर खुशाल पळवा. दहा वर्षांच्या सेव्हमध्ये एखादा मिळतो.

लवकर वर आणला आणि सपशेल आपटला, तर तो कायमचा बिघडतो का?

एखाद्या महिन्यात नाही. माइक ट्राउट २०११ च्या जुलैमध्ये १९ व्या वर्षी डबल-एमधून थेट वर आला आणि ४० सामन्यांत .२२० मारून गेला. पुढच्याच वर्षी .३२६, ३० होमरन, ४९ स्टील (चोरलेले बेस) आणि रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा). जॅक्सन हॉलिडे हा २०२२ च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू. एप्रिल २०२४ मध्ये बाल्टिमोरसाठी पहिल्या १० सामन्यांत ३४ पैकी २ हिट. त्याला खाली पाठवलं, आणि जुलैअखेर परत येऊन त्याने ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) ठोकला.

गेममध्येही तसंच. दोन आठवडे वाईट गेले म्हणून पोटेन्शियल कोसळत नाही. नुकसान होतं ते महिनोन् महिने झेपत नसलेल्या पायरीवर ठेवल्याने, किंवा बाकावर बसवल्याने. त्यामुळे दीड-दोन महिने आकडे पार झोपलेले राहिले तर लाज न बाळगता खाली पाठवा.

वरच्या पायरीवर जागाच नाही. तरी पाठवू?

नका पाठवू. रोज खेळणं हे वाढीचं मोठं खत आहे. ट्रिपल-एला आधीच २७ वर्षांचा शॉर्टस्टॉप रोज खेळत असेल आणि तुमचा लाडका तिथे आठवड्यातून दोनदा उतरणार असेल, तर तो डबल-एलाच बरा. त्याहून बरं म्हणजे त्या २७ वर्षांच्याला सोडा. ज्यांना भविष्य नाही अशांनी अडवलेल्या जागा सीझनमध्ये दोन-तीनदा साफ करणं, हे बढतीच्या निर्णयाइतकंच महत्त्वाचं काम आहे आणि ते करायचा सगळ्यांनाच कंटाळा असतो.

मेजरच्या बाकाचंही तेच. २१ वर्षांच्या मुलाला २६ जणांच्या रोस्टरमध्ये (संघाच्या यादीत) घेऊन पिंच हिटर (दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला उतरणारा) म्हणून वापरणं मला पटत नाही. त्या कामाला तिशीतला कोणी तरी स्वस्तात मिळतो.

पिचरसाठी नियम वेगळे आहेत का?

थोडे. स्टफ (चेंडूची धार) लवकर पिकतं, कंट्रोल (नेमकेपणा) सावकाश. स्टफ ६० आणि कंट्रोल ३० असलेला पोरगा हाय-एमध्ये डावामागे दीडेक जणांना स्ट्राइकआउट करतो, ईआरए २.५० दिसतो, आणि डबल-एला गेल्यावर बेसेस वॉकने भरतात. म्हणून कंट्रोल ४० च्या पुढे सरकेपर्यंत मी स्टार्टरला (सामना सुरू करणाऱ्या पिचरला) डबल-एच्या वर नेत नाही. ईआरएपेक्षा एफआयपी बघा. मागच्या फील्डरांचा दोष त्यात येत नाही.

तिसऱ्या प्रकारचा चेंडू ४५ च्या खालीच राहणार असं दिसत असेल, किंवा स्टॅमिना तोकडा असेल, तर २३-२४ व्या वर्षी त्याला बुलपेनमध्ये (सामन्यात नंतर उतरणाऱ्या रिलीव्हर पिचरांत) वळवा आणि पटकन वर आणा. रिलीव्हरला खाली पिकत ठेवण्यात अर्थ नाही. पिचर कधी जायबंदी होईल सांगता येत नाही; त्याच्या हातातल्या चांगल्या इनिंग ट्रिपल-एमध्ये खर्च करणं मला तरी परवडत नाही.

पॉल स्कीन्सचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवा. पिट्सबर्गने २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतला, ११ मे २०२४ ला तो मेजरमध्ये होता, आणि २३ स्टार्टमध्ये ईआरए १.९६. कॉलेजमधून तयार होऊन आलेल्या पिचरला चारही पायऱ्या मोजून चढायला लावू नका.

कॅचरला इतका वेळ का लागतो?

गेममध्ये एखाद्या जागेचं रेटिंग त्या जागेवर खेळूनच वाढतं. कॅचरला तर विश्रांतीही जास्त लागते, म्हणून सामने कमी मिळतात. घाई नको. जागा बदलायची असेल, म्हणजे शॉर्टस्टॉपला सेकंड बेसवर आणायचं वगैरे, तर ते खाली असतानाच उरका.

सर्व्हिस टाइम म्हणजे काय, आणि दोन आठवडे थांबवण्याची युक्ती करावी का?

मेजरच्या रोस्टरवरचा प्रत्येक दिवस मोजला जातो. १७२ दिवस म्हणजे एक वर्ष. अशी सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा. सीझन १७२ पेक्षा दहा-पंधरा दिवसांनी मोठा असतो, म्हणून सुरुवातीचे थोडे दिवस खेळाडूला खाली ठेवलं तर त्याचं पहिलं वर्ष अपुरं राहतं आणि संघाला सातवा सीझन मिळतो.

क्रिस ब्रायंटची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. २०१५ च्या स्प्रिंगमध्ये (सीझनआधीच्या सराव सामन्यांत) ९ होमरन मारूनही शिकागो कब्सने त्याला खाली पाठवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. १८३ दिवसांच्या त्या सीझनमध्ये त्याचे भरले १७१. एक दिवस कमी. तो त्या वर्षी रूकी ऑफ द इयर आणि पुढच्या वर्षी एमव्हीपी (वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. त्याने तक्रार दाखल केली, पण २०२० मध्ये निकाल संघाच्या बाजूने लागला. गंमत अशी, की कमावलेल्या त्या जादा वर्षी, २०२१ च्या जुलैअखेर, कब्सनेच त्याला सॅन फ्रान्सिस्कोला ट्रेड केलं.

मेजर लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारात याला थोडा लगाम बसला. रूकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला दिवस कितीही भरले असले तरी पूर्ण वर्ष मिळतं. बाल्टिमोरचा ॲडली रचमन २०२२ मध्ये २१ मे रोजी आला, दुसरा ठरला आणि त्याला पूर्ण वर्ष मिळालं. उलट, नावाजलेल्या प्रॉस्पेक्टला (होतकरू खेळाडूला) पहिल्या दिवसापासून खेळवलं आणि तो रूकी ऑफ द इयर झाला, तर संघाला ड्राफ्टची एक जादा पिक. हुलिओ रॉड्रिगेझमुळे सिॲटलला ती मिळाली.

तुमच्या सेव्हमध्ये काय करायचं? लीगच्या नियमांच्या पानावर सर्व्हिस टाइमचे दिवस बघा, खेळाडूच्या पानावर त्याचे भरलेले दिवस बघा, आणि वजाबाकी करा. संघ जिंकायच्या तयारीत नसेल तर दोन आठवडे थांबा, काही बिघडत नाही. प्लेऑफच्या शर्यतीत असाल तर थांबू नका. एप्रिलमध्ये हरलेला सामना सप्टेंबरमध्ये परत मिळत नाही, आणि सात वर्षांनी तुम्ही ती सेव्ह खेळत असाल याची खात्री काय? बहुतेक सेव्ह चौथ्या-पाचव्या सीझनला नवी आवृत्ती आली म्हणून सोडल्या जातात.

‘सुपर टू’साठी जूनपर्यंत थांबवणारेही आहेत. दोन ते तीन वर्षं सर्व्हिस झालेल्यांपैकी वरचे २२ टक्के एक वर्ष आधीच आर्बिट्रेशनला (लवादामार्फत पगार ठरवायला) जातात; ते पैसे वाचवायचे म्हणून. छोट्या बाजारातला, खरंच कडकीतला संघ असेल तरच या फंदात पडा.

थांबवण्यापेक्षा आधीच लांब करार केला तर?

उत्तम मार्ग. टँपा बेने एव्हन लाँगोरियाला एप्रिल २००८ मध्ये, पदार्पणानंतर आठवड्याभरात, ६ वर्षांचा करार दिला. मिलवॉकीने तर जॅक्सन चोरिओला मेजरचा एकही सामना खेळण्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, ८ वर्षांसाठी ८ कोटी २० लाख डॉलरला बांधलं. गेममध्ये अशी बोलणी करताना खेळाडूचा स्वभाव बघा. पैशाची हाव कमी आणि निष्ठा जास्त असलेला पोरगा स्वस्तात सही करतो.

४० जणांचं रोस्टर आणि रूल ५ यांचा बढतीशी काय संबंध?

खूप. मेजरमध्ये आणायचं तर खेळाडू ४० जणांच्या रोस्टरवर असावाच लागतो, आणि त्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी काढावं लागतं. पण काही वेळा बढती द्यायची नसतानाही त्यावर घ्यावं लागतं. १८ किंवा त्याहून कमी वयात करार झालेल्याला पाच सीझननंतर, १९ किंवा जास्त वयात झालेल्याला चार सीझननंतर रोस्टरवर घेतलं नाही, तर डिसेंबरच्या रूल ५ ड्राफ्टमध्ये दुसरा संघ त्याला एक लाख डॉलरमध्ये उचलू शकतो. म्हणजे २०२१ मध्ये ड्राफ्ट झालेला हायस्कूलचा मुलगा आणि २०२२ मधला कॉलेजचा मुलगा, दोघांचा निर्णय २०२५ च्या नोव्हेंबरमध्येच येतो.

उचलणाऱ्याला तो पुढचा पूर्ण सीझन मेजरच्या रोस्टरवर ठेवावा लागतो, म्हणून सिंगल-एमधल्या कच्च्या पोराची फार चिंता नको. ट्रिपल-एमधला तयार रिलीव्हर मात्र हमखास जातो. पिट्सबर्गने रॉबर्टो क्लेमेंटेला १९५४ मध्ये डॉजर्सच्या फार्ममधून याच वाटेने उचललं होतं. दर ऑक्टोबरमध्ये यादी काढून बसा.

ऑप्शन म्हणजे काय?

४० च्या रोस्टरवर असलेल्याला खाली पाठवायची मुभा. साधारणपणे तीन सीझन मिळतात. एका सीझनमध्ये एकूण २० दिवसांपेक्षा कमी काळ खाली राहिला तर तो सीझन मोजला जात नाही. ऑप्शन संपले की खाली पाठवताना वेव्हरवर टाकावं लागतं, म्हणजे दुसरा संघ त्याला उचलू शकतो. म्हणून १९ व्या वर्षी उगाच ४० मध्ये घेतलेला खेळाडू २२ व्या वर्षी अर्धा कच्चा आणि ऑप्शन संपलेला, असा अडकून बसतो. लवकर बढती देण्याचा मला दिसणारा सगळ्यात खरा तोटा हा आहे.

सप्टेंबरमध्ये कोणाला आणावं?

१ सप्टेंबरपासून रोस्टर २६ वरून २८ होतं, म्हणजे जेमतेम दोन जागा. हिवाळ्यात ज्याला ४० मध्ये घ्यायचंच आहे त्याला आणा. १३० ॲट बॅट, ५० इनिंग किंवा ४५ दिवस ओलांडले नाहीत तर पुढच्या वर्षी तो रूकीच राहतो.

सगळं असिस्टंट जीएमवर सोडलं तर चालेल?

खालच्या तीन पायऱ्यांसाठी चालेल, नाहीतर आयुष्य त्यातच जाईल. पण तुमच्या पहिल्या दहा-बारा प्रॉस्पेक्टचे निर्णय स्वतःकडे ठेवा आणि महिन्यातून एकदा, १ तारखेला, सिम थांबवून त्यांची पानं चाळा. रोज बघत बसलात तर दोन गुणांची घसरण बघूनही हात शिवशिवतो.

माझा स्काउट एक म्हणतो, ओएसए दुसरंच. कोणाचं ऐकू?

ओएसए हे गेममधलं सगळ्यांना दिसणारं सामाईक मत. तुमचा स्काउट चांगल्या दर्जाचा असेल आणि बजेटही दिलं असेल तर त्याचं. नाहीतर दोघांच्या मधलं धरा. मायनर जितकं खालचं, तितकं दोघांचंही धुकं दाट. वर पाठवण्याआधी खेळाडूला नव्याने स्काउट करून घ्या. सहा महिन्यांपूर्वीच्या अहवालावर निर्णय नको.

काही न करताच पोटेन्शियल ७० चं ५० झालं. बढतीमुळे का?

बहुतेक नाही. गेममध्ये ‘टॅलेंट चेंज रँडमनेस’ अशी सेटिंग आहे, मूळ किंमत १००. मोठी दुखापत नसेल तर हे बरंचसं तिथूनच येतं. फार जाच वाटत असेल तर आकडा कमी करा. मी १०० वरच ठेवतो. सगळे प्रॉस्पेक्ट ठरल्याप्रमाणे पिकू लागले तर हा सगळा खटाटोप कशाला?

२६ वर्षांचा, ट्रिपल-एमध्ये तीन वर्षं धुमाकूळ घालणारा खेळाडू आहे. त्याचं काय?

तो आता प्रॉस्पेक्ट नाही. आजचं आणि पोटेन्शियलचं रेटिंग एकच झालं असेल तर वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही. जागा असेल तर आज वर आणा, नसेल तर जुलैच्या ट्रेड डेडलाइनआधी ज्याच्याकडे जागा आहे त्याला द्या.